मावशीच्या घरासारखं

३ नोव्हेंबर

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं आहे, बोलणं माझं आहे. घाबरू नकोस. गेल्या सोमवारी न्हाणीघरातून बाहेर येताना उंबऱ्याला पाय अडकला आणि मी आडवी झाले. उजवा खुबा आणि उजवं मनगट. खुब्याचं ऑपरेशन झालं, मनगट प्लास्टरात आहे. डॉक्टर अगदी पोरगेलासा आहे, पण हात हलका आहे. दादाला मीच म्हटलं, तिला लगेच कळवू नकोस. तू धावत आली असतीस आणि माझ्या खाटेशी बसून डॉक्टरच्या चुका काढल्या असत्यास. फोनवर मला हल्ली ‘हॅलो’ सोडून काही ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

माझी खाट दादाच्या कामाच्या खोलीला लागून टाकली आहे. दिवसभर त्याच्या कवळ्या घासण्याचं यंत्र चालू असतं. काल त्याने एक तयार कवळी मला दाखवायला आणली. मी म्हटलं, हे दात ज्याच्या तोंडात जातील तो जन्मभर उगाचच हसत राहील. वहिनी सकाळी शाळेत शिवणाचे तास घेते आणि दुपारी घरी येते. तोवर दादा बघतो.

माझं म्हणशील तर इथे अगदी मोठ्या मावशीच्या घरासारखं चाललं आहे. सगळं वेळच्या वेळी. मला काही बोलावंच लागत नाही.

तुझ्या ऑफिसात फुटलेल्या कपबशांचे अर्ज अजून येतात का? तब्येतीला जप. पन्नाशी उलटली तुझी, तरी मला सांगावं लागतं.

आई


९ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

तुझं पत्र मिळालं. पडलीस आणि आठ दिवस मला कळवलं नाहीत, त्याबद्दल नंतर भांडेन.

कपबशांचे अर्ज येतात. काल एकाने लिहिलं होतं, ‘माल नेहमीप्रमाणे गवतात बांधला होता.’ मी त्या ‘नेहमीप्रमाणे’खाली लाल रेघ मारली. वीस वर्षं विम्याचे दावे तपासून एवढं कळलं आहे की माणूस सरळ सांगायचं टाळतो, तेव्हा असा एखादा शब्द टाकतो. तो शब्द धरून ओढलं की सगळं बाहेर येतं.

तुझ्या पत्रात शेवटून तिसरी ओळ खोडलेली आहे. साधी खोडलेली नाही, गिरवून गिरवून काळी केली आहे. खिडकीशी धरून पाहिलं, ‘वहिनी’ एवढाच शब्द लागला. ती ओळ तू खोडायला सांगितलीस का?

आणि मोठ्या मावशीच्या घराचं जे लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तू उगाच लिहिणार नाहीस.

मला एकच सांग. तिथे बोटीवरच्यासारखी मजा आहे का? दुसऱ्या कुणाला कळलं नाही तरी तुला कळेल मी काय विचारते आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिलंस तरी पुरे.

तुझी
टिल्ली


१६ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना चष्मा लावून दमायला होतं, म्हणून अलीकडे मीच वाचते. त्यांनी फारसं काही सांगितलं नाही, तेव्हा मीच लिहिते आहे.

प्रकृती सुधारते आहे. आता आधाराने दहा पावलं टाकतात. पायांवर सूज आहे म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं आहे, आणि संध्याकाळनंतर तर जवळजवळ नाहीच. त्या कुरकुरतात, पण काय करणार. यांच्या यंत्राची पांढरी धूळ उडते, म्हणून आईंच्या खोलीचं दार दिवसा लावून घ्यावं लागतं. अजून रात्री उठवत नाही, त्यामुळे चादरी रोज बदलते. एरवी काळजीचं काही नाही.

बोटीवरच्या मजेचं तुम्ही जे विचारलं होतं, ते मी वाचलं तेव्हा आईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी लेखणी धरून बसले होते. म्हटलं, काय लिहू? म्हणाल्या, ‘पुढचं वाच.’ मी म्हटलं, वन्संनी हो की नाही एवढंच विचारलंय. तर म्हणाल्या, ‘राहू दे.’ त्या दिवशी दूधही घेतलं नाही. बोट म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

खोडलेल्या ओळीचं काही विशेष नाही. शाईचा डाग पडला होता.

तुमची
वहिनी


२१ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र मिळालं. कळवल्याबद्दल आभारी आहे. आईची पत्रं यापुढे तिच्या हाती द्यावीत, चष्मा लावून तिला वाचता येईल तेवढं ती वाचेल. डाव्या हाताने तिला दोन अक्षरं लिहिता येत असतील तर तेवढीच पाठवावीत. तुम्ही तसदी घेऊ नये.

डाग पडला तर कागद बदलतात, वहिनी. गिरवत नाहीत.

टिल्ली


२१ नोव्हेंबर

तपासनीसकाका, सप्रेम नमस्कार.

एक खाजगी काम आहे. ऑफिसच्या कागदपत्रांत त्याची कुठे नोंद नको. आपण ज्या गावी आपल्या कंपनीचा फुटका माल तपासता, तिथेच माझा भाऊ राहतो. दंतकवळ्या बनवतो. घरातच कामाची खोली आहे. पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. त्याच घरात माझी आई सध्या अंथरुणाला खिळली आहे.

तिने पत्रात लिहिलंय की तिथे माझ्या मोठ्या मावशीच्या घरासारखं आहे. मी नऊ वर्षांची असताना त्या मावशीकडे चौदा महिने होते. ‘तिथल्यासारखं’ म्हणजे काय, ते मला नीट ठाऊक आहे. पाणी मोजून, दार बंद, चादरींची चर्चा. भावजयीच्या पत्रात नेमक्या याच तिन्ही गोष्टी आल्या आहेत. आई सरळ लिहू शकत नाही, कारण लिहून घेणारी तीच आहे. मी तिला आमच्या घरातल्या खुणेने एक प्रश्न विचारला, तर उत्तरच आलं नाही.

काहीतरी निमित्त काढून एकदा जाऊन याल का? आई कशी दिसते, एकटी बोलू देतात का, एवढं पाहा. बाकीचं तुमच्या नजरेवर सोपवते.

आपली
टिल्ली


३० नोव्हेंबर

मॅडमना सप्रेम नमस्कार.

सांगितल्याप्रमाणे मंगळवारी सकाळी सव्वाअकराला सदर घरी गेलो. निमित्त म्हणून कवळी करायची आहे असं सांगितलं. आपल्या बंधूंनी मला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, ‘अहो, एकेक दात खुंटीसारखा आहे. कवळी कशाला?’ मी म्हटलं, माझ्या वडिलांना हवी आहे. ते म्हणाले, ‘मग त्यांना घेऊन या.’ माझ्या तोंडून निघून गेलं की ते वारले. यापुढे मला असली कामं सांगू नयेत, ही विनंती.

तेवढ्यात आतून आवाज आला, ‘कोण आलंय रे?’ बंधू हात धुवायला गेले, तेव्हा मी दार ढकलून आत डोकावलो. मातोश्री खिडकीशी उशा लावून बसल्या होत्या. कपडे स्वच्छ. केस विंचरलेले. पलंगाला कठडा बांधला आहे, त्याला मऊ कापड गुंडाळून शिवलं आहे. हाताशी छोटी घंटा. तांब्यावर पट्टी चिकटवून डॉक्टरच्या सहीने रेघ मारली आहे, तिथवर पाणी. खोलीला दोन दारं आहेत. कामाच्या खोलीकडचं बंद असतं, अंगणाकडचं सताड उघडं होतं.

मी विचारलं, ‘कसं काय आजी, सगळं ठीक ना?’ त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या पिशवीकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, ‘टिल्लीला सांगा, मी फुटलेली नाही.’

पिशवीवर आपल्या कंपनीचं नाव छापलेलं होतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

माझा अभिप्राय: माल सुस्थितीत आहे. आपल्या भावजय मला फाटकाशी भेटल्या, शाळेतून येत होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं नाही. त्या मला चोर समजल्या असाव्यात. मलाही तसंच वाटत होतं.

आपला,
तपासनीस


२ डिसेंबर

वन्संना,

आज मायना राहिला तर राहू दे.

तुमचे ते तपासनीस फाटकातून जवळजवळ पळत बाहेर पडले. मी घरात येऊन आधी कपाटं तपासली. यांना विचारलं, कोण होता? हे म्हणाले, मेलेल्या बापासाठी कवळी मागत होता, वेडा असावा. मग आईंनी बोलावून सांगितलं, ‘वेडा नाही. टिल्लीने पाठवलेला माणूस आहे.’

सव्वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. इतकी वर्षं तुमच्या पत्रांत मी ‘वहिनी तू’ होते. या वेळी ‘वहिनी तुम्ही’ झाले, तेव्हाच कळायला हवं होतं. त्यातही ‘तुम्ही तसदी घेऊ नये’. यांना दाखवलं तर म्हणाले, अगं ती ऑफिसात असंच लिहीत असेल. पुरुषांना असलं काही दिसत नाही.

आता ती ओळ. तुम्ही खिडकीशी धरून पाहिलीत ना, मग ऐका. आई म्हणाल्या होत्या, ‘वहिनी हल्ली फार जाड झाली आहे, पण करते मात्र मनापासून.’ मला दुसरं अर्धं ठेवायचं होतं. पण पहिल्या अर्ध्याशिवाय ते वाक्य उभंच राहीना. म्हणून गिरवलं. शाईचा डाग हे खोटं बोलले. तेवढं एकच.

पाणी डॉक्टर मोजतात. पाहिजे तर डॉक्टरांकडेही कुणाला पाठवा, दात दाखवायच्या निमित्ताने.

आणि एक विचारते, इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. तुम्ही मायलेकी बोलता त्यातलं निम्मं मला कळत नाही. कुणीतरी ‘बोट’ म्हणतं आणि हे गालात हसतात. ‘मावशीचं घर’ म्हटलं की तुम्ही खोलीतून उठून जाता. मी लग्न होऊन आले तेव्हा आईंनी माझी मांडणी पाहून म्हटलं होतं, ‘वा, अगदी मावशीच्या घरासारखं.’ मी तो आपला कौतुकाचा शब्द समजून आजवर जपून ठेवला. मी पत्रात लिहून घेते ते पोस्टमनसारखं, आत काय आहे ते ठाऊक नसताना. आणि संशय मात्र पोस्टमनवर.

मी काय केलं म्हणून माझ्यावर माणूस सोडलात, एवढं तरी कळू द्या.

वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

तू मला माफ कर असं लिहून पाहिलं, खोडलं, कागद बदलला. डाग ठेवला नाही. पण लिहिण्याची घाई करत नाही, आधी सांगते.

मी सहा वर्षांची असताना आम्ही सगळे खाडी ओलांडून पलीकडे गेलो होतो. बोट फार हलत होती. मला उलट्या व्हायला लागल्या. मी कुठेतरी आडोसा शोधत एका कोठडीत शिरले, आणि कुणीतरी बाहेरून कडी लावली. आत दोरखंड आणि ओली पोती. पलीकडे लागेपर्यंत मी तिथेच. बाहेर काढलं तेव्हा फ्रॉक सगळा बरबटला होता. घ्यायला आलेल्या काकांनी विचारलं, ‘काय, मजा आली का?’ आणि मी म्हटलं, ‘खूप मजा आली.’ सगळे पोट धरधरून हसले. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचे हाल होत असले आणि त्याला तोंडाने सांगता येत नसलं, की ‘बोटीवरच्यासारखी मजा’ म्हणायचं. हा शब्द आईनेच पाडला.

नऊ वर्षांची असताना आईच्या छातीत दोष निघाला. तिला लांब डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवलं. बाबा मोजणीच्या कामावर, तंबूत राहायचे. दादाला वसतिगृहात घातलं, मला मोठ्या मावशीकडे. मावशी मारत नसे. नवे बूट घेतले, रोज वेणी घालायची. पण तिथे गेल्यावर मी अंथरूण ओलं करायला लागले. घरी असताना कधी नव्हतं केलं. मग दिवे लागले की पाणी बंद झालं. पाण्याच्या कपाटाला कुलूप. आणि सकाळी ती चादर मागच्या अंगणात वाळत घालायची नाही, रस्त्याकडच्या गॅलरीत घालायची. माझी शाळा त्याच रस्त्यावर होती. वर्गातली मुलं येता-जाता वर बघायची आणि आठवड्यात किती झाल्या ते मोजायची. मावशी म्हणायची, लाज वाटली की सवय सुटेल. सुटली नाही.

दर रविवारी आईला पत्र लिहायचं. मावशी ते वाचायची, शुद्धलेखन सुधारायची आणि मग पाकिटात घालायची. खरं लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून मी डोकं चालवलं. लिहिलं, ‘इथे अगदी बोटीवरच्यासारखी मजा आहे.’ मावशीला बोटीचं ठाऊक नव्हतं. तिने फक्त ‘मजा’चा ‘ज’ नीट काढायला लावला.

आठ दिवस मी फाटकाकडे डोळे लावून होते. आई नाही तर निदान बाबा न्यायला येतील. नवव्या दिवशी आईचं उत्तर आलं. ‘बोटीवरच्यासारखी मजा आहे हे वाचून फार बरं वाटलं. अशीच आनंदात राहा.’

तिच्या लक्षात आलं नाही. तापात विसरली असेल. मी पुन्हा एकदा तेच लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग मी ते लिहायचं सोडलं.

तुझ्या हातचं आईचं पत्र आलं आणि त्यात मावशीचं घर दिसलं, तेव्हा मला वाटलं आता तिची पाळी आहे. लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा, मधे एक शब्द टाकलेला. तेव्हा तिला कळलं नव्हतं, निदान मला तरी कळायला हवं. मी तुझ्यात मावशी शोधत होते, वहिनी, आणि शोधायचीच म्हटल्यावर सगळीकडे सापडली. तू काही केलं नाहीस.

हे आईला वाचून दाखवू नकोस. ती मावशीच्या घराबद्दल चांगलं बोलते, तिला ठाऊक नाही. आता या वयात ठाऊक होऊन काय करायचंय.

तुझी
टिल्ली


१९ डिसेंबर

चि. टिल्लीस आशीर्वाद.

शुक्रवारी प्लास्टर काढलं. अक्षर कोंबडीचे पाय झालं आहे, पण माझं आहे. हे लिहायला चार दिवस लागले.

तुझं पत्र मी वाचलं. वहिनीवर रागावू नकोस. तिने ते लपवलं होतं, पण तिला लपवता येत नाही, दुपारभर डोळे पुसत फिरत होती. मी म्हटलं, आण इकडे. तिने आणलं. चष्मा लावून मी स्वतः वाचलं.

टिल्ली, मला तेव्हा कळलं होतं.

विसरले नव्हते. ताप होता, पण विसरले नव्हते. ती ओळ वाचली आणि त्याच क्षणी कळलं. माझाच शब्द तो, मला कसा कळणार नाही?

तुला आणणार कुठे होते? बाबा तंबूत. दवाखान्यात मुलांना फाटकाच्या आतसुद्धा घेत नसत. मावशीने मला आधीच लिहिलं होतं, पोर सांभाळते, पण अर्धवट तक्रारी ऐकून घेणार नाही, पटत नसेल तर उचलून न्या. दुसरं घर नव्हतं. आणि डॉक्टर बाबांशी बोलले ते मी पडद्याआडून ऐकलं होतं. मी वाचेन याची त्यांना खात्री नव्हती. मी गेले असते तर तू तिथेच वाढणार होतीस. मग मी विचार केला, आपल्याला कळलं असं हिला दाखवलं तर ही रोज वाट बघेल. न कळल्यासारखं केलं तर हळूहळू रुळेल. म्हणून ‘बरं वाटलं’ असं लिहिलं. दोन्ही वेळा.

चादरीचं आणि पाण्याचं मला ठाऊक नव्हतं. ते तुझ्या पत्रात पहिल्यांदा वाचलं. तुझ्या त्या एका ओळीतून पोरीचे हाल आहेत एवढंच कळलं, काय हाल आहेत ते कळलं नाही. बरी होऊन आल्यावर मी विचारू शकले असते. विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

त्याऐवजी मी सगळ्यांना सांगत सुटले, मावशीकडे पोर किती छान राहिली, किती शिस्त, किती टापटीप. कुठे काही नीटनेटकं दिसलं की म्हणायचं, मावशीच्या घरासारखं. वहिनीच्या मांडणीलाही तेच म्हटलं. इतक्यांदा म्हटलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. तू उठून जायचीस ते मला दिसत होतं. मी तुझ्या पाठीकडे बघून आणखी एकदा म्हणायची. असं का करत होते, विचारू नकोस. मला सांगता येणार नाही.

या वेळी तू बोटीचं विचारलंस. मला वाटलं, झालं, इतक्या वर्षांनी तू जाब विचारते आहेस. वहिनी ‘हो लिहू की नाही’ म्हणून बसलेली. काय सांगणार? तू माझ्या काळजीने विचारत होतीस, हे मला तुझ्या त्या तपासनिसाची पिशवी पाहीपर्यंत कळलं नाही.

वहिनी माझं फार करते. ती जाड झाली आहे हेही खरं आहे, ते मी आता तिच्यासमोरच लिहिते आहे.

आई


२४ डिसेंबर

आई,

पत्र मिळालं. ऑफिसात उघडलं, ते चुकलं. अर्धा दिवस रजा टाकून घरी आले.

मी रागावले आहे. नेमकी कुणावर ते मला अजून ठरवता येत नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की तू विसरलीस. विसरलेल्या माणसाला माफ करणं सोपं होतं, ते मी कधीच करून टाकलं होतं. आता ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार.

दोन तारखेची गाडी धरते आहे. घ्यायला कुणी येऊ नका. वहिनीशी मी आज फोनवर बोलले. ती म्हणाली, ‘तपासनिसांना सांगा, वडिलांची कवळी तयार आहे.’ तिने मला एवढ्यावर सोडायला नको होतं.

तुला एकच विचारते. आडून नाही, सरळ. माझं ते पत्र वाचलंस त्या दिवशी तू रडलीस का?

टिल्ली


२९ डिसेंबर

चि. टिल्ली,

नाही. रडले नाही.

दवाखान्यात पत्रं सिस्टर वाटायच्या आणि आम्ही वाचेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. पत्र वाचून जी रडेल तिचा ताप चढतो, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. मग तिची पुढची पत्रं तिला देत नसत, कपाटात ठेवून द्यायचे. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची चार महिन्यांची पत्रं तशी पडून होती. तुझी पत्रं बंद झाली असती तर माझ्याकडे काही उरलं नसतं. सिस्टर समोर उभी होती. मी ती ओळ वाचली आणि हसले. चांगली मोठ्याने हसले. शेजारची म्हणाली, लेक मजेत आहे वाटतं? मी ‘हो’ म्हटलं आणि पत्र तिला वाचायला दिलं, तिला स्वतःचं वाचायला नव्हतं ना. तिने ते बराच वेळ धरून ठेवलं.

पुढे रडायला हरकत नव्हती. बरी झाले, घरी आले, तुझी वेणी घातली. पण आलं नाही. परवा तुझं चादरीचं वाचलं तेव्हाही वहिनीच रडली, मी कोरडी.

तू समोर येऊन बसलीस की येईल की नाही, मला सांगता येत नाही. नाही आलं तर त्याचा काही अर्थ काढू नकोस. विचारायचं ते सगळं विचार. मला आठवतं तेवढं जसंच्या तसं सांगेन.

तू ये.

आई